चूल नसलेला सदस्य

प्रमाणित करण्यात येते की, श्री. दलसिंग जामसिंग पावरा, वय वर्षे अडतीस (शाळेच्या दाखल्यावरून), राहणार सादडापाडा, तालुका अक्राणी, जिल्हा नंदुरबार, हे भारताचे सज्ञान नागरिक व मतदार असून ग्रामपंचायतीचे सलग दुसऱ्यांदा निवडून आलेले सदस्य आहेत. पाणीपुरवठा समिती व बाल संरक्षण समिती या दोन्ही समित्यांवर ते आहेत. करार करण्यास, साक्ष देण्यास, ट्रॅक्टर चालवण्यास आणि विवाह करण्यास ते कायद्याने पात्र आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे.

यातल्या शेवटच्या वाक्याबद्दल सादडापाड्यात दुमत नाही. बाकीचं पाड्याला मान्य नाही. पाड्याच्या हिशेबी दलसिंग अजून लहान आहे.

तोरणमाळच्या अलीकडे, घाटरस्ता सोडून डोंगराच्या कुशीत शिरलं की हा पाडा लागतो. इथे वय कोणी विचारत नाही, चूल विचारतात. ज्याची चूल वेगळी, तो मोठा. देवाच्या पूजेला धान्याचा हिस्सा चुलीमागे द्यायचा, आणि हिस्सा देणाऱ्याने पूजेनंतर भरणाऱ्या गावाच्या बैठकीत बोलायचं. ज्याच्या चुलीत जाळ नाही त्याने पोरांच्या रांगेत बसायचं, मोठ्यांना पत्रावळी वाटायच्या आणि गप्प राहायचं. चूल कोणाची, याचाही नियम सोपा होता. तिच्यावर ज्याच्या हातची भाकरी भाजली जाते, त्याची. नवरा-बायको असतील तर दोघांची मिळून.

दलसिंगची चूल व्हायची होती, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. होळीच्या बाजारात एक मुलगी त्याने पाहिली, तिने त्याला पाहिलं, दोन्ही घरं बसून बोलली. त्याच वर्षी त्याचा बाप गेला. पुढच्या होळीला मुलीने दुसरा पाहिला. त्याच्या पुढच्या होळीला दलसिंग बाजारात गेला तो मीठ आणायला. मग राहून गेलं ते राहूनच गेलं. बापामागे चूल आई भिकुबाईच्या हातची म्हणून भिकुबाईची झाली आणि दलसिंग तिच्यावर जेवत राहिला. घराचा हिस्सा दर पूजेला वेळेवर पोचायचा. भिकुबाई मात्र बैठकीला कधी गेली नव्हती. टोपली दलसिंगच्या डोक्यावरून जायची. तो ती ठेवायचा आणि पोरांत जाऊन बसायचा.

याचं त्याला फार वाईट वाटत होतं असं नाही. पोरांना आधी वाढतात.

बोचायचं ते वेगळंच. शेजारचा जान्या एकोणीस वर्षांचा. कायद्याने तो मतदार होता, पण नवरा व्हायला त्याला अजून दोन वर्षं कमी होती. बाल संरक्षण समितीचा सदस्य म्हणून दलसिंगनेच त्याच्या बापाला तसं समजावून सांगितलं. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि लग्न लावलं नाही. ठरलेली मुलगी, रिना, नुसतीच राहायला आली. तिने आणि जान्याने दुसऱ्या दिवशी तीन दगड मांडून चूल पेटवली, आणि पुढच्या बैठकीत जान्या मोठ्यांच्या रांगेत मांडी घालून बसला. दलसिंगने त्याच्यापुढे पत्रावळ ठेवली.

"काका, जरा मोठी बघून द्या," जान्या म्हणाला. "ही फाटकी आहे."

इथपर्यंत चालून गेलं. पुढे टाकी आली.

टाकी दलसिंगने आणली होती. दोन वर्षं तो धडगावला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालत होता. साहेब भेटले की कागद नसायचा आणि कागद मिळाला की साहेबांची बदली झालेली असायची. शेवटी मंजुरी आली: विहिरीवर सौर पंप आणि एक पाण्याची टाकी. ठेकेदार म्हसावदचा, हेमराज नावाचा. तो मोटारसायकलवर येऊन जागा बघून गेला.

"माले काय, भाऊ," तो दलसिंगला म्हणाला. "वर सांगा तं वर बांधस, खाले सांगा तं खाले बांधस. पन गाडी खालेच येस. वर माल डोकावर न्या लागी. तो तुम्हनं गाव नेई."

पाडा उतारावर आहे. टाकी वर टेकाडावर झाली तर पाणी आपल्या पायाने सगळ्यांच्या दारात जाणार. खाली सपाटीवर, बैठक चालवणाऱ्या गिरधर पाटलाच्या घराजवळ झाली, तर खालच्यांच्या दारात नळ आणि वरच्यांच्या डोक्यावर हंडा. वरच्यांत भिकुबाईचं घर सगळ्यात शेवटचं. तिचे गुडघे चढताना कुरकुरायचे ते दलसिंगला अंथरुणातून ऐकू यायचे. टाकी वर व्हायला हवी होती, आणि ते सांगायला बैठकीत बोलायला हवं होतं.

त्याच सुमारास त्याला लोणखेड्याहून बोलावणं आलं. त्याच्या बहिणीची मुलगी निशा तिथल्या एका कॉलेजात शिकत होती. वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'सज्ञानतेचे वय अठरावरून एकवीस करावे'. ठरलेले प्रमुख पाहुणे आदल्या दिवशी दुसरीकडे ठरले. प्राध्यापिका चारुलता मॅडम लोकप्रतिनिधीच्या शोधात होत्या. निशा म्हणाली, माझे मामा लोकप्रतिनिधी आहेत. तिने पातळी सांगितली नाही आणि मॅडमनीही विचारली नाही.

दलसिंगला शाल आणि नारळ मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा तो सगळ्यांत पुढे बसला, आणि एका तासात त्याच्या लक्षात आलं की आपल्याबद्दलच चाललं आहे.

राजेंद्र नावाचा तापीकाठच्या बागायतदाराचा मुलगा विरोधी बाजूने बोलला. तो म्हणाला, मत अठराला, लग्न एकविसाला आणि कडक दारू पंचविसाला, म्हणजे सरकारच्या मते देश चालवण्यापेक्षा संसार अवघड आणि संसारापेक्षा बाटली अवघड. सभागृह हसलं. मग तो गंभीर झाला. "ज्याला अठरा वर्षं पूर्ण झाली त्याचा आवाज कोणीही दाबू शकत नाही," तो टेबलावर हात आपटून म्हणाला. पाण्याचा पेला कलंडला. दलसिंगला ते वाक्य फार आवडलं. त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

निशा ठरावाच्या बाजूने होती. चिठ्ठ्या टाकून बाजू मिळाली होती. ती म्हणाली, वय वाढल्याने माणूस मोठा होत नाही, अंगावर काही पडल्याने होतो, आणि अठरा वर्षांच्या शहरी मुलाच्या अंगावर मोबाइलशिवाय काहीही पडलेलं नसतं. यावर राजेंद्रच्या मित्रांनी बाकं वाजवली. ती स्वतः एकोणीस वर्षांची होती, तरी आपलंच मत काढून घ्या असं पोटतिडकीने सांगत होती, आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. ते दलसिंगच्या हस्ते होतं.

"मामा, चषक उलटा धरलाय," ती हळूच म्हणाली.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. दलसिंगने बैठकीत कधी तोंड उघडलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला खरोखर दोनच शब्द सुचले. "दोन्ही बरोबर," तो म्हणाला आणि खाली बसला. आभारप्रदर्शनात मॅडमनी त्याला संतुलित विचारांचे लोकप्रतिनिधी म्हटलं.

येताना म्हसावदपर्यंत तो एसटीत शाल पांघरूनच बसला होता. राजेंद्रचं वाक्य त्याने घाटापर्यंत जपून आणलं.

पुढच्या बैठकीत ते बाहेर काढलं. पोरांच्या रांगेतून तो उठून उभा राहिला. रांगेतल्या पोरांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, कारण उभं राहिल्यावर तो बराच उंच होता.

"काका, मला टाकीबद्दल बोलायचंय."

गिरधर पाटील चिलीम झाडत होता. "बस, पोरा."

"मी सज्ञान आहे."

पाड्यात बोलणं पावरीत चालतं, पण हा शब्द दलसिंगने मराठीच ठेवला होता. घरातल्या कुठल्याच शब्दाला तेवढं वजन येईना.

"ते काय असतं?"

"अठरा वर्षं पूर्ण झाली की होतं. मग आवाज कोणीही दाबू शकत नाही."

"कोण दाबतंय?" गिरधरने आजूबाजूला पाहिलं. "अठरा वर्षं झाली हे कोणाला कळतं?"

"सरकारला."

"मग सरकारच्या सभेत बोल."

"तिथे कोणी येत नाही, काका."

हे खरं होतं. ग्रामसभेला ग्रामसेवक नवनीत आणि दलसिंग असे दोघेच असत. सह्या नवनीत नंतर घरोघर फिरून आणी.

"मी तिथे दोनदा निवडून आलोय," दलसिंग म्हणाला. "तुम्हीच मत दिलंय मला."

"दिलं ना," गिरधर म्हणाला. "ऑफिसात जायला कोणीतरी मोकळा माणूस लागतो. ज्याला घर आहे तो घर टाकून जाईल का? म्हणून तुला पाठवलं. तुझ्यावर राग नाही कोणाचा. चूल मांड, मला एक भाकरी खाऊ घाल, आणि पुढच्या बैठकीत या दगडावर बसून हवं ते बोल. टाकीचं तेव्हाच ठरवू."

हाही पाड्याचा रिवाज होता. नवी चूल झाली की तिची पहिली भाकरी पाटलाने खायची. खाल्ली की चूल लागली.

जान्या खालच्या आवाजात म्हणाला, "माझी एका दिवसात लागली, काका."

"तुझी रिनाने लावली," गिरधर म्हणाला. "तू गप्प बस."

दलसिंग घरी आला आणि परसात तीन दगड मांडू लागला. भिकुबाई दारात येऊन उभी राहिली. परसात चूल मांडणारा मुलगा म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. बाकीच्यांच्या घरी निदान सून येऊन सासूशी भांडते आणि मग चूल वेगळी होते. इथे भांडायलाही कोणी नव्हतं.

"वेगळा निघतोस?" तिने विचारलं.

"टाकीसाठी."

"टाकीसाठी आईपासून वेगळा निघालेला तू पहिलाच." ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "तो दगड काढ. तापला की फुटतो तो."

त्याने दगड बदलला.

मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घालून मळलं तरच ते धरतं, आणि धरलं असं वाटलं की थापताना भेगाळतं. दलसिंगने बापाबरोबर नांगर धरला होता, ऊसतोडीला गुजरातेत जाऊन मोळ्या बांधल्या होत्या, कचेरीत साहेबाच्या दारात उभं राहायला शिकला होता. भाकरीच्या पिठात त्याने कधी बोट घातलं नव्हतं. पहिल्या दिवशी परातीतून तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे तीन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी दोन झाले. भिकुबाई आपल्या चुलीपाशी बसून पाठमोरी भाकऱ्या थापत असे. तिच्या थापांचा आवाज एका लयीत यायचा. त्याचा यायचा आणि थांबायचा, यायचा आणि थांबायचा. तिसऱ्या दिवशी तिने बसायचा पाट असा फिरवला की परस दिसावं.

रिना पाण्याला जाताना थांबून बघायची. "काका, तिला मारू नका," ती म्हणायची. "थापा."

चौथ्या दिवशी गिरधर येणार होता. रिवाजाप्रमाणे चूल मांडणाऱ्याने वाटेवर जाऊन पाटलाला घेऊन यायचं असतं. दलसिंगने संध्याकाळी दोन भाकऱ्या केल्या. एक काठाला फाटली, दुसरी मधोमध. फाटकी का होईना, आपल्या हातची आहे, असं म्हणून त्याने ती टोपलीत झाकली, तव्याखाली जाळ ठेवला आणि तो वाटेवर गेला.

तो परत आला तेव्हा टोपलीत एक अखंड भाकरी होती. गोल, पातळ, टम्म फुगून बसलेली. फाटक्या दोन्ही नाहीशा झाल्या होत्या. भिकुबाई आपल्या दारात तांदूळ निवडत बसली होती, आणि तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं.

गिरधर चुलीपाशी उकिडवा बसला. भाकरी हातात घेऊन त्याने ती उजेडाकडे धरली. काठावर एका जागी करंगळीचा खोल ठसा होता. भाकरी उलटताना भिकुबाईची करंगळी तिथे नेहमी टेकायची, आणि भिकुबाईच्या घरी जेवलेल्या प्रत्येकाने तो ठसा पाहिलेला होता.

"चांगली झालीय," गिरधर म्हणाला.

दलसिंगने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"तू केलीस?"

पाटलाचा चेहरा बघून वाटत होतं की हो म्हटलं असतं तर त्याने ते चालवूनही घेतलं असतं. त्यालाही घरी जायचं होतं. पण दलसिंगने दाराकडे पाहिलं. भिकुबाई तांदळातून खडे काढत होती. त्यात खडे नव्हते. ते तिने दुपारीच निवडले होते.

"आईने केली," तो म्हणाला.

गिरधरने भाकरी सगळी खाल्ली. वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. हात धुतले आणि उठला. "मग चूल भिकुबाईची," तो म्हणाला. "आता तिच्या दोन चुली झाल्या." आणि वाट उतरून गेला.

दलसिंगने तव्याखालची लाकडं ओढून विझवली.

"तुझ्या फाटक्या म्हशीला घातल्या," भिकुबाई दारातून म्हणाली. "पाटलाला तसली वाढतात का? माझी अब्रू गेली असती."

"त्याच वाढायच्या होत्या, आई. आता टाकी खाली जाईल."

"खाली का?"

"वर पाहिजे हे बैठकीत सांगायला मला तोंड नाही म्हणून."

"मग मला सांगायचं."

"तुला काय सांगायचं?"

"वर पाहिजे, हे. चूल माझी आहे ना? हिस्सा माझाच जातो ना?" तिने सूप भिंतीला टेकवलं. "इतकी वर्षं टोपली घेऊन जातोस. ये म्हणून कधी म्हणालास?"

दलसिंगने आठवून पाहिलं. म्हणाला नव्हता. बाकीही कोणी म्हणालं नव्हतं, पण ते बाकीचे होते.

बैठकीला दोन टोपल्या गेल्या. एक दलसिंगच्या डोक्यावर आणि एक भिकुबाईच्या. ती हळूहळू उतरली, मोठ्यांच्या रांगेशी आली आणि जान्याकडे पाहत उभी राहिली. जान्या सरकला. दलसिंग पोरांत जाऊन बसला.

गिरधरने आधी आपली बाजू मांडली. खाली गाडी येते, खाली काम लवकर होईल, वर माल कोण वाहणार? खालच्यांनी माना हलवल्या. वरच्यांपैकी दोघंतिघं काहीतरी पुटपुटले.

"मी बोलते," भिकुबाई म्हणाली.

"बोल."

"हा माझा पोरगा दोन वर्षं धडगावला जातोय. पहाटे उठून भाकरी मी करते. टाकी खाली बांधलीत तर ती वर आणायला हा अजून दोन वर्षं जाईल. मी त्याला ओळखते, तो थांबायचा नाही. मला आता पहाटे उठवत नाही." तिने एक टोपली पुढे सारली. "हे एका चुलीचं झालं."

कोणीतरी हसलं.

"दुसरीचं वेगळं आहे?" गिरधरने विचारलं.

"दुसरी तूच लावून दिलीस. भाकरी खाल्लीस, ठेचा खाल्लास, आणि सांगून गेलास की भिकुबाईच्या दोन चुली. मग दोनदा ऐकून घे. वर माल वाहायला दोन्ही चुलींची माणसं देते." तिने पोरांच्या रांगेतून पत्रावळी घेऊन उठलेल्या दलसिंगकडे हात केला. "एका चुलीचा हा. दुसऱ्या चुलीचाही हाच. दोन खेपा करेल."

आता खालचेही हसले. मग वरचा एक म्हणाला, माझ्या घरचे दोघं येतील. जान्या म्हणाला, मी येतो. रिनाने मागून सांगितलं की तीही येईल आणि जान्यापेक्षा जास्त उचलेल. गिरधरने चिलीम झाडली, पुन्हा भरली, पेटवली. त्याला हरल्यासारखं वाटत असावं, पण टाकीमुळे की ठेच्यामुळे, ते त्याने दाखवलं नाही.

"वर," तो म्हणाला. "पुढचं बोला."

दुसऱ्या दिवशी नवनीत ग्रामसेवक आला आणि त्याने ग्रामसभेचा ठराव लिहून काढला. अक्षर त्याचं चांगलं आहे. ठरावात असं आहे की, मौजे सादडापाडा येथील पाण्याच्या टाकीची जागा टेकाडावर निश्चित करण्यात येत असून, मा. सदस्य श्री. दलसिंग जामसिंग पावरा यांनी सदर विषयावर ग्रामस्थांसमोर सविस्तर विवेचन केले व ग्रामस्थांच्या शंकांचे समाधान केले; ठराव सर्वानुमते मंजूर.

विवेचन चालू होतं तेव्हा श्री. दलसिंग पत्रावळी वाटत होते.